जाऊ ‘हो’ म्हणाली, पण तिला एकटीला कुणी विचारलं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. ताईंचं वय ३३, मिस्टर ३८. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली आणि बाळही गेलं. अंडाशय ठेवलेत. धाकटी जाऊ २७ वर्षांची आहे, तिला चार वर्षांचा मुलगा, आणि ती म्हणाली की ताई मी वाढवते तुमचं बाळ माझ्या पोटात. सासूबाई खूश, मिस्टर मात्र बिचकलेत. हे कायद्यात बसतं का, खर्च किती येतो आणि मूल उद्या आई कुणाला म्हणणार, असं विचारलंय.

ताई, आधी तुमच्या बाळाबद्दल. वाईट वाटलं वाचून. दोन वर्षं म्हणजे काहीच नाही हो, आणि त्यातून तुम्ही हे सगळं इतकं नीट लिहिलंय, म्हणजे किती वेळा मनात घोळवलं असेल ते कळतं.

मी २००६ पासून आयव्हीएफ (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरमध्ये समुपदेशक आहे. डॉक्टर नाही. पण सरोगसीच्या, म्हणजे एकीचं बाळ दुसरीने पोटात वाढवायच्या, केसमध्ये कागदपत्रं, बोर्ड, कोर्ट, रडारड आणि सासूबाई हे सगळं माझ्याच टेबलावर येतं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

कायद्याचं आधी सांगते कारण ते तुमच्या बाबतीत त्यातल्या त्यात सोपं आहे. सरोगसीचा कायदा २०२१ चा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. त्यात बाई २३ ते ५० आणि पुरुष २६ ते ५५ वयाचा हवा, दोघं लग्नाचे हवेत, आणि हयात मूल नको, ना स्वतःचं ना दत्तक (मूल गंभीर आजारी किंवा दिव्यांग असेल तर सवलत आहे पण तो तुमचा विषय नाही). शिवाय वैद्यकीय कारण लागतं, आणि पिशवीच नसणं ह्याच्यापेक्षा सरळ कारण दुसरं नाही. टीबीने पिशवीचं आतलं अस्तर खराब झालेल्या, किंवा सात-आठ वेळा आयव्हीएफ फेल झालेल्या बायकांना फायलीच्या फायली घेऊन बोर्डापुढे पटवावं लागतं, तुमचं एका डिस्चार्ज कार्डात काम होईल. सरोगेट होणारी बाई लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयातली हवी, आणि हे ती आयुष्यात एकदाच करू शकते. जाऊबाई बसतात त्यात. मधे एका मसुद्यात ‘जवळची नातेवाईकच हवी’ असं होतं, शेवटी कायद्यात ‘स्वेच्छेने तयार असलेली बाई’ असं आलं. पण पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर अशी बाई मिळणार कुठे? घरातच. म्हणून हल्ली आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सरोगेट म्हणजे कुणाची तरी बहीण, नणंद नाहीतर जाऊ.

आणि इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं.

पूर्वी, म्हणजे मी नवीन होते तेव्हा, गुजरातमधलं आणंद सरोगसीसाठी जगभरात गाजत होतं, परदेशी जोडपी येत होती, २००८ मध्ये ती जपानी जोडप्याची केस झाली, बाळ जन्मायच्या आधीच आईबापाचा घटस्फोट आणि मग बाळाचा पासपोर्ट कुणाच्या नावाने काढायचा ह्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते प्रकरण. २०१५ ला परदेशी लोकांसाठी बंदच केलं सरकारने आणि पुढे पैसे देऊन करायची सरोगसीच बंद केली. कारण दिलं गरीब बाईचं शोषण. ते होतही होतं, मी नाही म्हणणार नाही. पण ज्यांनी हा कायदा केला त्यांनी एक धरून चाललं की पैसा काढून घेतला की जबरदस्ती संपली. आपल्या एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुठल्याही सुनेला विचारा, जबरदस्तीला पैसा लागतो का म्हणून.

एक केस सांगते, ओळख लागणार नाही अशी. धाकटी सून, सरोगेट व्हायला एका पायावर तयार, फॉर्मवर सही करायला पेन माझ्या हातातून ओढून घेतलं तिने. मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, काय गं, जेवलीस का सकाळी? बाकी काही विचारलं नव्हतं मी. तर ती वीस मिनिटं नुसती रडत होती. मग कळलं, सासूने शब्द दिलेला की हे केलंस तर तळ्याकडची दोन एकर तुझ्या नवऱ्याच्या नावावर करते, आणि नाही केलंस तर काय ते सांगितलंच नव्हतं, पण न सांगता कळतं की. नवरा रोज रात्री विचारायचा, ठरलं का तुझं? तिला नाही म्हणायचं होतं पण नाही म्हणायला त्या घरात जागाच नव्हती.

मग आम्ही काय केलं, तर तिच्या तपासण्या केल्या आणि बाहेर येऊन सांगितलं की मेडिकली बसत नाही. बस. कारण सांगायला आम्ही बांधील नाही, रिपोर्ट तिचा आहे. तिच्यावर बोट आलं नाही, मोठ्या जावेशी बोलणं बंद झालं नाही, दिवाळीला सगळी एकत्र जेवली असतील. ह्याला कुणी खोटं म्हणेल, म्हणोत. किडनी देणाऱ्या नातेवाईकांच्या बाबतीतही अशी वाट ठेवतात. जाऊबाईंना घेऊन जिथे जाल तिथल्या समुपदेशकाला हा एक प्रश्न नक्की विचारा, की तिला नको असेल तर तुम्ही नकार तुमच्या अंगावर घ्याल का? जो घेणार नाही तिथे जाऊ नका. आणि ती एकदा हो म्हणाली म्हणजे अडकली असंही नाही, गर्भ पिशवीत सोडायच्या क्षणापर्यंत ती माघार घेऊ शकते, कायद्यानेच तसा हक्क दिलाय तिला, हे तिला तुमच्याच तोंडून कळू दे.

(आणि ती दोन एकर, पाटल्या, स्कूटी, माहेरचं कर्ज फेडून देतो वगैरे जे काही घरात बोललं जातं ना, तेही कायद्यात बसत नाही बरं का. औषधोपचाराचा खर्च, ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा सोडून कुठल्याच प्रकारचं आर्थिक आमिष चालत नाही. सोनं हे पण आमिषच. सासूबाईंनी असं काही कबूल केलं असेल तर आत्ताच थांबवा.)

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट बोलते. तुमच्या बाळंतपणात जे झालं ते जाऊबाईंच्या बाळंतपणात होऊ शकतं. शक्यता कमी आहे, पण आहे. आयव्हीएफच्या गरोदरपणात, त्यातून गर्भ दुसऱ्या बाईच्या बीजाचा असला की बीपी वाढायचा धोका थोडा जास्त धरतात. सिझर होऊ शकतं. समजा तिची पिशवी काढावी लागली, तर? ती २७ ची आहे, एकच मूल आहे. तिला दुसरं हवंय का, हे विचारलंय कुणी? कायदा एक मूल असलं की पुरे म्हणतो. मी पुरे म्हणत नाही. माझं मत असं, की जिचं स्वतःचं कुटुंब पूर्ण झालंय तिनेच हे करावं. जाऊबाई म्हणाल्या की मला एकच पुरे तर ठीक, पण ते वाक्य त्यांचं आहे का त्यांच्या नवऱ्याचं हे बघायला लागेल. त्यांचं पहिलं बाळंतपण कसं झालं हे तुम्ही लिहिलं नाहीये, नॉर्मल की सिझर, बीपी-शुगर होती का, बाळ पूर्ण दिवसांचं होतं का. जुनी फाईल काढून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच मागणार.

मिस्टर बिचकलेत म्हणालात, त्याचं कारण मला वाटतं मला माहितीये. लहान भावाची बायको आपलं मूल पोटात वाढवणार ह्या कल्पनेनेच पुरुषांना कानकोंडं होतं, आणि गावात लोक काय बोलतील ते त्यांना आधीच ऐकू यायला लागतं. तर त्यांना हे सरळ सांगा की गर्भ तयार होतो तुमच्या बीजापासून आणि त्यांच्या शुक्राणूंपासून, लॅबमध्ये, काचेच्या डिशमध्ये. जाऊबाईंचं बीज वापरायला कायद्याने बंदीच आहे. त्या फक्त वाढवणार. शेजारचं रोप आपल्या कुंडीत जगवावं तसं, असं मी पूर्वी सांगायचे, पण एका सरोगेट बाईने मला सुनावलं की मॅडम मी कुंडी नाही, तेव्हापासून हे उदाहरण देणं सोडलंय. तुम्हीही देऊ नका. आणि तो ‘भाड्याची पिशवी’ शब्द घरात कुणी वापरत असेल तर तोही बंद करा.

प्रत्यक्षात काय होतं ते थोडक्यात. तुमची पाळी येत नाही म्हणजे बीज बनत नाही असं नाही, अंडाशय आपलं काम करतातच, फक्त पिशवी काढल्यावर ते थोडे लवकर थकू शकतात, म्हणून एएमएच (बीज किती शिल्लक आहे त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि ह्याला उगाच दोन-तीन वर्षं लावू नका. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन एग पिकअप, म्हणजे बीज बाहेर काढणं. आधीच्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असलं तर पिकअप थोडं अवघड जातं, ते सोनोग्राफीवाले बघून सांगतील. पाचव्या दिवसापर्यंत गर्भ वाढवून फ्रीज करतात. इथे एक व्यवहारी सल्ला, कागदपत्रांना महिनोन् महिने लागतात, तोवर तुमचं वय थांबत नाही, म्हणून गर्भ आधी करून फ्रीज करता येतील का हे डॉक्टरांना विचारा. पुढे जाऊबाईंना गोळ्या देऊन अस्तर तयार करतात, एक गर्भ सोडतात आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. एकच गर्भ, बरं का. सगळे विचारतात जुळं करून द्या ना, एकदाच होऊन जाईल. नियमात एकच आहे, खास कारण असलं तरच जास्त, आणि जुळ्यांचा भार तुम्ही नाही, दुसरी बाई उचलणार आहे. पहिल्या वेळी राहीलच असं नाही. एका सरोगेटवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात. तीनही गेले तर तो रस्ता तिच्यापुरता संपला, आणि तिसऱ्या वेळी निगेटिव्ह आल्यावर त्या बाईला वाटणारी अपराधी भावना मी बघितलीये. तिचा काही दोष नसतो पण घर तिच्याकडेच बघतं.

कागदांचं सांगायचं तर जिल्हा मेडिकल बोर्डाकडून वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र, मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मूल कुणाचं आणि ताबा कुणाकडे ह्याचा आदेश (हा बाळ पोटात यायच्या आधी घ्यायचा असतो, आणि पुढे जन्म नोंदवताना हाच लागतो, दाखल्यावर आईबाप म्हणून तुम्हा दोघांचंच नाव येतं), मग जाऊबाईंचा ३६ महिन्यांचा आरोग्य विमा, आणि हे सगळं झाल्यावर तुमचं आणि तिचं पात्रता प्रमाणपत्र. क्लिनिकची सरोगसीसाठी वेगळी नोंदणी लागते, नुसती आयव्हीएफची असून चालत नाही, भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचा. विमा सगळ्यात जास्त डोकं खातो. एजंट लोक नेहमीची फॅमिली पॉलिसी गळ्यात मारतात आणि त्यात बाळंतपणच वगळलेलं असतं. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत त्यात आहे ना, हे वकिलाला शब्दन् शब्द वाचायला लावा. ही पॉलिसी म्हणजे नुसता कागद नाही, उद्या खरंच तिला आयसीयूत ठेवायची वेळ आली तर दिराने तुमच्याकडे हात पसरायचा का?

खर्चाचा एक आकडा सांगत नाही, कारण शहर आणि सेंटरप्रमाणे फार फरक पडतो. खाजगीत नुसती एक आयव्हीएफ सायकल दीड-दोन लाखांच्या घरात जाते, त्यावर फ्रीजिंग, प्रत्येक ट्रान्सफरचे (गर्भ पिशवीत सोडायचे) वेगळे, नऊ महिन्यांच्या तपासण्या, बाळंतपण, विमा, वकील, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ते. लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ‘ह्यात काय धरलेलं नाही’ हे विचारा, तीच यादी मोठी असते. एवढे लाख द्या, सरोगेट आम्ही देतो, कागद आम्ही बघतो असं म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. पैशाच्या सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि जोडप्यालाही वेगळी शिक्षा आहे.

तुम्ही नोकरी करत असाल तर स्वतःच्या बीजाचं मूल सरोगसीने झालेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवड्यांची रजा कायद्याने आहे. केंद्र सरकारी नोकरीत २०२४ पासून १८० दिवस, आणि तीही दोघींना, सरोगेट नोकरीत असेल तर तिलाही. बाकी ठिकाणी एचआरला किंवा आस्थापना शाखेला आधीच लेखी विचारून ठेवा.

आता तो शेवटचा प्रश्न, आई कुणाला म्हणणार. कायद्याने मूल तुमचंच, जन्मल्या क्षणापासून, त्यात शंका नाही. घरातलं वेगळं असतं. डोहाळजेवण कुणाचं करणार? ओटी कुणाची भरणार? पाचवी कुठल्या खोलीत पुजणार, सुवेर कुणाला? हसू नका, ह्याच गोष्टींवरून मी भांडणं बघितलीत, आयव्हीएफच्या रिपोर्टवरून नाही. एका घरात मोठीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवली आणि सात महिन्यांची धाकटी आत पुऱ्या तळत होती! त्यांना कुणाला ते खटकलंही नाही. दुसऱ्या एका घरात दोघींना शेजारी शेजारी बसवून दोघींची ओटी भरली, फोटो आहे माझ्याकडे, तो कुणाला दाखवत नाही पण अधूनमधून बघते.

दूध हा दुसरा मुद्दा, आणि तुम्ही एका छपराखाली राहता म्हणून जास्तच. बाळ रात्री तुमच्या खोलीत रडणार आणि भिंतीपलीकडे जाऊबाईंना पान्हा फुटणार. शरीराला कोर्टाची ऑर्डर कळत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच ठरवून टाका, चीक पाजायचा का, दूध काढून द्यायचं का, की लगेच गोळी घेऊन दूध बंद करायचं. ठरवायचं त्यांनी, कारण छाती त्यांची आहे. तुम्हालाही औषधं आणि पंप वापरून थोडंफार दूध आणता येतं, त्याची तयारी बाळंतपणाच्या काही महिने आधी सुरू करावी लागते, तुमच्या डॉक्टरांशी बोला. पहिले सव्वा महिना त्यांना माहेरी जावंसं वाटलं तर जाऊ द्या, राहावंसं वाटलं तर राहू द्या, पण ‘आता बाळाची सवय नको लागायला’ म्हणून पाठवून देऊ नका.

आणि त्यांचा तो चार वर्षांचा मुलगा. त्याला सगळे विसरतात. आईचं पोट वाढतंय, त्याला बाळ येणार असं वाटतंय आणि एक दिवस ते बाळ शेजारच्या खोलीत जातं. एका मुलाने आईला विचारलं होतं, मला पण कुणाला देणार का? चार वर्षांच्या पोराला पहिल्यापासून सांगायचं, साध्या शब्दात, की मोठी आईच्या पोटातली बाळाची जागा डॉक्टरांना काढावी लागली, म्हणून तिचं बाळ आपल्याकडे राहायला आलंय, मोठं झालं की तिच्याकडे जाणार. बाळ पाहुणं आहे, तू घरचा आहेस. पोरांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. तुमच्याकडे तो तुम्हाला मोठी आई म्हणत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे, आपल्याकडे एका घरात दोन-दोन आया असायची सवय आहेच की. तुमच्या मुलालाही कळत्या वयात आधी तुमच्याकडूनच कळू दे, कारण गावात ते कुणी ना कुणी सांगणारच, आणि सांगणारा नीट सांगेल ह्याची खात्री नाही.

जाऊबाई नाही म्हणाल्या तर दत्तकाचा रस्ता आहे, त्याची यादी लांब असते म्हणून नोंदणी आधी करून ठेवणारे बरेच असतात. गर्भाशय प्रत्यारोपणाबद्दलही विचारतात लोक, आपल्या पुण्यातच २०१७ ला देशातलं पहिलं झालं आणि २०१८ ला त्यातून बाळही झालं, पण त्यात दोघींची मोठी ऑपरेशनं आणि अवयव टिकवायची औषधं आहेत, मी स्वतः कुणाला ते पहिला पर्याय म्हणून सुचवलेलं नाही.

पहिल्या भेटीला तुमच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, पिशवीचा लॅब रिपोर्ट, दोघांची आधार आणि लग्नाचा दाखला घेऊन जा, जाऊबाईंची बाळंतपणाची फाईल आणि त्यांच्या मुलाचा जन्मदाखला पण. दिरांना सोबत न्या, त्यांच्याशीही वेगळं बोलणं होईल. सासूबाईंना त्या दिवशी घरीच नातवाजवळ ठेवा. आणि जाण्याआधी एकदा, सगळे झोपल्यावर वगैरे, तुम्ही दोघीच बसा आणि जाऊबाईंना तुम्हीच म्हणा, की नाही म्हणालीस तरी मी तुझी तीच ताई राहीन. मग त्या काय बोलतात ते ऐका, मधे बोलू नका.